विजेची गाडी शिकताना : घाट, उतार आणि बॅटरी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील राजूर हे गाव तुमच्यापैकी अनेकांनी भंडारदऱ्याला जाताना पाहिले असेल. डांगी जनावरांच्या प्रदर्शनामुळे हे गाव दूरवर ओळखले जाते. डांगी बैल भरपूर पावसाला आणि डोंगराळ वाटेला सरावलेला असतो. चढावर तो गाडी ओढतो आणि उतारावर अंग मागे रेलून तीच गाडी अडवतो. दोन्ही कामांत तो दमतो. उतारावर गाडी अडवली म्हणून त्याने सकाळी खाल्लेला चारा काही परत मिळत नाही.

पेट्रोलच्या गाडीचेही तसेच आहे. घाट चढताना पेट्रोल जळते. घाट उतरताना ब्रेक तापतात, पण टाकीत पेट्रोलचा एक थेंबही परत येत नाही. विजेची गाडी मात्र उतारावर थोडी ऊर्जा परत मिळवते. ही एक गोष्ट नीट समजली, तर त्या गाडीतील निम्म्याअधिक कळा आणि दिवे आपोआप समजतात. ती समजली नाही, तर पुस्तिका पाठ करूनही घाटात घोटाळा होऊ शकतो.

(मराठीत ‘मोटार’ म्हणजे गाडीही आणि विहिरीवरचा पंप फिरवणारे यंत्रही. घोटाळा नको म्हणून या लेखात चाके फिरवणाऱ्या यंत्राला ‘मोटर’ आणि सबंध वाहनाला ‘गाडी’ म्हणू.)

उदाहरणासाठी आपल्या राज्यातलीच गाडी घेऊ. पुणे-नगर रस्त्यावरच्या रांजणगाव येथे तयार होणारी टाटांची विजेवरची नेक्सॉन जानेवारी २०२० मध्ये बाजारात आली. २०२२ मध्ये तिची ४०.५ किलोवॅट-तास बॅटरीची आवृत्ती निघाली. एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलातले एक युनिट. म्हणजे ही बॅटरी पूर्ण भरली की तिच्यात साधारण चाळीस युनिटे वीज साठते.

आवाज नाही, तरी गाडी चालू

पेट्रोलची गाडी वर्षानुवर्षे चालवलेला माणूस या गाडीत बसला की प्रथम बुचकळ्यात पडतो. क्लच नाही, गिअर बदलायचे नाहीत. ब्रेकवर पाय ठेवून कळ दाबली तरी घुर्रर्र नाही की थरथर नाही. समोरच्या फलकावर गाडी तयार असल्याची एक लहानशी खूण तेवढी उमटते. ‘आवाज नाही म्हणजे गाडी बंद’ ही जुनी सवय येथे धोक्याची आहे. गाडी ‘डी’वर ठेवून चालक कोणाशी बोलायला खिडकीतून वाकला आणि पाय चुकून अॅक्सिलरेटरवर पडला, तर गाडी तात्काळ पुढे झेपावते. विजेची मोटर शून्य वेगापासूनच भरपूर पीळ देते. तिला इंजिनाप्रमाणे आधी फेरे वाढवावे लागत नाहीत. म्हणून उतरण्यापूर्वी ‘पी’, मग हातब्रेक, मग कळ बंद आणि खूण विझल्याची खात्री, हा क्रम अंगवळणी पाडावा. अंगणात लहान मुले असतील तर अधिकच. बाजाराच्या दिवशी डोक्यावर ओझे घेऊन पुढे चालणाऱ्या माणसाला मागून हळू येणारी अशी गाडी ऐकूच येत नाही, हेही चालकानेच लक्षात ठेवायचे.

‘आर’ म्हणजे मागे जाणे. पेट्रोलच्या गाडीत यासाठी एक वेगळे दातेरी चाक असते. येथे ते लागत नाही. का, ते शेतकऱ्यांच्या मुलांना चटकन सांगता येईल. थ्री-फेज पंपाच्या दोन तारांची अदलाबदल झाली की मोटर उलटी फिरते आणि पाणी नीट चढत नाही! गाडीची मोटरही थ्री-फेजवर चालते. बॅटरीतील एकदिश प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर हे फेजचे क्रम बदलतो आणि गाडी मागे जाते. तारा सोडाव्या-जोडाव्या लागत नाहीत, एवढाच काय तो फरक.

पाय उचलला की काय होते?

आता मुख्य मुद्दा. अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की ही गाडी नुसती घरंगळत नाही. कोणीतरी मागून धरून ठेवावे तशी ती मंदावते. नवख्या चालकाला वाटते, काही बिघडले. प्रत्यक्षात त्या क्षणी मोटरचे जनित्र झालेले असते. चाके तिला फिरवतात, ती वीज निर्माण करते आणि ती वीज बॅटरीत जाते. याला पुनर्जनन म्हणतात; गाडीच्या पुस्तिकेत ‘रीजेन’ असा शब्द आढळेल.

हे वर्गात करून पाहता येते. खेळण्यातील मोडक्या गाडीची लहान मोटर घ्या. तिची दोन टोके मोकळी ठेवून आस बोटांनी फिरवा. मग तीच टोके तारेने एकमेकांना जोडा आणि पुन्हा फिरवा. आता आस जड लागते. वीज वाहू लागली की ती निर्माण करण्यासाठी बोटांना काम करावे लागते, त्याचा हा जडपणा. सायकलच्या टायरवर डायनामो टेकवला की पायडल जड होते, त्याचे कारण हेच. गाडीच्या बाबतीत ‘बोटे’ म्हणजे तिचा वेग किंवा घाटाचा उतार.

हा जडपणा किती असावा, हे चालकाला ठरवता येते. २०२२ च्या त्या आवृत्तीत त्यासाठी शून्य ते तीन अशा पायऱ्या दिल्या होत्या. शून्यावर गाडी मोकळी घरंगळते. तीनवर पाय उचलताच ती चांगलीच आवळली जाते. माझ्या मते नवशिक्याने मधल्या पायरीवर, मोकळ्या रस्त्यावर सुरुवात करावी. तीनवर एकदम पाय उचलला तर मागच्या दुचाकीवाल्याची तारांबळ उडते, आणि मागच्या आसनावरच्या आजींनाही उलटीसारखे होते.

राजूरच्या मुलांना याचे मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण पाहायला लांब जायला नको. त्यांच्याच तालुक्यात घाटघरचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या या प्रकल्पात प्रत्येकी १२५ मेगावॅटची दोन यंत्रे आहेत. विजेची मागणी कमी असते तेव्हा कोकणच्या बाजूच्या खालच्या जलाशयातले पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरच्या जलाशयात चढवायचे. मागणी वाढली की तेच पाणी चारशे मीटरहून अधिक खाली सोडून वीज घ्यायची. गंमत अशी, की पाणी चढवणारे आणि वीज निर्माण करणारे यंत्र एकच असते. एका दिशेने फिरले की पंप, उलट दिशेने फिरले की टर्बाइन. अशा प्रकल्पात चढवायला चार युनिटे लागली तर साधारण तीन परत मिळतात. गाडीचा व्यवहारही याच जातीचा आहे : जाताना अधिक, येताना कमी.

कसाऱ्याच्या घाटाचे गणित

किती कमी, ते आकड्यांत पाहू. राजूरहून भंडारदरा, घोटी, इगतपुरी करत मुंबईकडे निघालो, की कसारा घाट लागतो. इगतपुरी आणि कसारा यांच्या उंचीत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. माणसांसह गाडीचे वस्तुमान १६०० किलोग्रॅम धरू.

स्थितिज ऊर्जा = १६०० × ९.८ × ३०० = सुमारे ४७ लाख ज्यूल.

एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून ही ऊर्जा झाली १.३ युनिटे.

ही सगळी बॅटरीत येईल का? नाही. टायरचे घर्षण आणि हवेचा विरोध यांचा वाटा आधी जातो. ताशी ४० किलोमीटर वेगाला अशा गाडीवर सुमारे २३० न्यूटन विरोध असतो असे मानू आणि उतार १० किलोमीटर लांबीचा धरू. काम = २३० × १०,००० = २३ लाख ज्यूल, म्हणजे ०.६४ युनिट. उरले ०.६६ युनिट. मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांतील हानी वजा जाता त्यातले सत्तर टक्के साठले, तर हाती लागते सुमारे ०.४६ युनिट. चाळीस युनिटांच्या बॅटरीत ही भर जेमतेम एका टक्क्याची!

‘घाट उतरलो की बॅटरी भरते’ असे सांगणारे लोक भेटतात, त्यांना हे गणित दाखवावे. मात्र लाभ केवळ त्या एका टक्क्याचा नाही. दहा किलोमीटरचा रस्ता बॅटरीला हात न लावता पार पडला, आणि ब्रेक तापले नाहीत. घाटात हे फार मोलाचे.

याच घाटात रेल्वेने ही युक्ती फार पूर्वी वापरली होती. १९२९-३० च्या सुमारास कल्याणपासून पुणे आणि इगतपुरीपर्यंतचे मार्ग विजेवर आले. तेव्हा मालगाड्यांसाठी आणलेली, विचित्र आवाजामुळे ‘खेकडा’ म्हणून ओळखली जाणारी इंजिने उतारावर वीज निर्माण करून ती वरच्या तारेत परत सोडू शकत. रेल्वेला बॅटरीची गरज नव्हती. त्याच तारेवर चढणारी दुसरी गाडी असली की ती वीज तिच्या उपयोगी पडे.

भरलेल्या हंड्यात पाणी ओतता येत नाही

येथे सर्वांत महत्त्वाची सावधगिरी येते. समजा, एखाद्याने इगतपुरीत मुक्काम केला, रात्रभर गाडी शंभर टक्के भरली आणि सकाळी लगेच घाट उतरायला सुरुवात केली. पाय उचलला, पण नेहमीप्रमाणे गाडी आवळली जाईना! बॅटरीत जागाच नाही, तर निर्माण झालेली वीज जाणार कोठे? म्हणून गाडीचा नियंत्रक पुनर्जनन कमी करतो किंवा बंद ठेवतो. फार थंड बॅटरीच्या बाबतीतही असे घडते. अशा वेळी फलकावर सूचना येते, पण वळणावर नजर रस्त्यावर असते, फलकावर नव्हे.

ब्रेकचा पायटा मात्र नेहमीच काम करतो, कारण चाकांजवळचे घर्षणाचे ब्रेक वेगळे असतात. आपल्या गणितातले ते ०.६६ युनिट, म्हणजे जवळजवळ २४ लाख ज्यूल, आता उष्णतेच्या रूपाने ब्रेकमध्ये जाणार, एवढे ध्यानात ठेवून सुरुवातीपासूनच वेग कमी ठेवायचा. त्याहून बरे म्हणजे उताराच्या माथ्यावर राहणाऱ्याने नव्वद टक्क्यांवरच भरणे थांबवावे. पुनर्जननाची सवय लागलेला चालक ब्रेकचा पायटा क्वचित वापरतो; म्हणून त्या पायाला अधूनमधून कामाला लावणे शहाणपणाचे.

‘उरलेले किलोमीटर’ कोण सांगते?

फलकावर बॅटरीचे टक्के आणि उरलेले अंतर असे दोन आकडे असतात. दोन्ही मोजलेले नसून हिशेबाने काढलेले असतात. नेक्सॉनसारख्या गाडीतील बॅटरी लोह-फॉस्फेट प्रकारची असते. ती अर्धी असो वा पाऊण, तिचा दाब जवळजवळ सारखाच राहतो. त्यामुळे किती प्रवाह आत गेला आणि किती बाहेर आला, याची बँकेच्या पासबुकासारखी नोंद ठेवून टक्के काढतात. नोंदीतल्या लहान चुका साचतात. म्हणून अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण भरून हिशेब जुळवून घ्यावा, असे पुस्तिकांत सांगतात.

उरलेले अंतर तर निव्वळ अंदाज. गाडी आतापर्यंतच्या खर्चावरून तो बांधते. पुढे चढ आहे हे तिला बहुधा ठाऊक नसते. किलोमीटरला १४० वॉट-तास खर्च धरला, तर कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना लागणारी जादा १.३ युनिटे, हानीसह सुमारे १.४५, म्हणजे फलकावरचे दहा किलोमीटर गेले. डोंगराकडे निघताना एवढी वजाबाकी चालकाने मनात करून ठेवावी.

रात्रभर तीन इस्त्र्या

घरी १५ अँपिअरच्या खटक्यावर गाडी भरता येते. २३० × १५ = ३४५० वॉट; हाती साधारण तीन किलोवॅट येतात, म्हणून रिकामी बॅटरी भरायला चौदा-पंधरा तास लागतात. एक किलोवॅटच्या तीन इस्त्र्या रात्रभर एकाच तारेवर चालू ठेवाव्यात, तसा हा भार. प्रवाह दुप्पट झाला की तारेतील उष्णता चौपट होते, हे तुम्ही शिकला आहात. म्हणून जुन्या घरात वेगळी जाड तार आणि उत्तम अर्थिंग करून घेतल्याशिवाय हा उद्योग करू नये. लांब जोडवायर तर मुळीच वापरू नये.

रस्त्यावरच्या जलद केंद्रात सुमारे तासाभरात ऐंशी टक्क्यांपर्यंत भरते, पुढचे वीस टक्के मात्र रेंगाळत भरतात. एस. टी. रिकामी असते तेव्हा प्रवासी भराभर बसतात. शेवटच्या चार जागा शोधायला वेळ लागतो, तसे काहीसे.

बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड तारा दिसतील. त्यांत तीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्यांना हात लावायचा नाही. शेजारी नेहमीची १२ व्होल्टची लहान बॅटरीही असते. दिवे, कुलपे आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा खटका तिच्यावर चालतात. ती उतरली, तर चाळीस युनिटे पोटात असूनही गाडी जागची हलत नाही.

शिक्षकांसाठी एक सूचना : ओळखीच्या कोणाकडे अशी गाडी असल्यास एका फेरीत विद्यार्थ्यांना वही घेऊन मागच्या आसनावर बसवावे. दर पाच किलोमीटरला तीन आकडे टिपायचे : बॅटरीचे टक्के, फलकावरचे उरलेले अंतर आणि प्रत्यक्ष कापलेले अंतर. राजूर ते घोटी आणि परत असा आलेख काढला, की चढ कोठे होता ते नकाशा न पाहताही वर्गाला सांगता आले पाहिजे.