रान कोणाचे, वाट कोणाची?

मुंबईच्या उत्तरेला बोरिवली आहे. पूर्वी ते गाव होते, आता शहरात गेले. तेथे एक मोठे रान अजून टिकून आहे. त्याचे नाव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. उद्यान म्हणजे फुलांची बाग नव्हे बरे! हे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे खरे जंगल आहे. एका अंगाला बोरिवली, दुसऱ्या अंगाला मुलुंड आणि ठाणे.

आत जायला तिकीट लागते. सोमवारी दार बंद असते. संध्याकाळी सगळ्यांना बाहेर यावे लागते. मग कोणी म्हणतो, "रान देवाने केले. झाडाखाली एक रात्र काढायला परवानगी कशाला?"

प्रश्न रास्त आहे. स्वीडन नावाच्या देशात अशी परवानगी लागत नाही. तेथे दुसऱ्याच्या रानातूनही कोणी पायी जावे, घरापासून दूर तंबू ठोकून एखादी रात्र राहावे, रानफळे खावीत. अट एवढीच, की कोणाला त्रास देऊ नये आणि कशाची नासधूस करू नये. पण तो देश केवढा! माणसे मात्र सुमारे एक कोटी. आपल्या एका मुंबई उपनगर जिल्ह्यात २०११ सालच्या शिरगणतीत ९३ लाखांवर माणसे होती. एवढ्या सगळ्यांनी १०४ चौरस किलोमीटरात चुली मांडल्या तर काय होईल?

आपल्या घटनेने देशभर फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. पण लोकहितासाठी आणि आदिवासींच्या हितरक्षणासाठी त्यावर वाजवी बंधन घालता येते, असेही तीच घटना सांगते. १९७२ साली वन्य प्राण्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. तेव्हापासून राष्ट्रीय उद्यानात पाहुण्याने परवानगीनेच जायचे. तेथे आग लावणे हा गुन्हा आहे.

त्याचे कारण समजून घ्या. उन्हाळ्यात पाचोळा वाळून कुरकुरीत होतो. एका विडीच्या थोटकाने डोंगर पेटतो. रानात विहार आणि तुळशी असे दोन तलाव आहेत. विहार १८६० साली बांधला. त्यांचे पाणी मुंबई आजही पिते. आणि बिबट्या? उष्टे-खरकटे टाकले की कुत्री येतात, कुत्र्यांच्या मागे बिबट्या येतो. घाण टाकणारा आपल्या घरी निघून जातो. बिबट्याची गाठ पडते ती पाड्यावरच्या पोरांशी.

होय, या रानात पाडे आहेत. वारली लोक तेथे राहतात, वाघोबाला पुजतात. ते पाहुणे नव्हेत. पाहुण्याची परवानगी वेगळी आणि रानात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्याचा हक्क वेगळा. या दोन गोष्टींची गल्लत फार होते, आणि नुकसान गरिबाचे होते. पाड्यातून जाताना अंगणात शिरू नये, विचारल्याशिवाय फोटो काढू नये. हे तर कायद्याशिवायही कळायला हवे.

२००६ साली वनहक्काचा कायदा झाला. तो राष्ट्रीय उद्यानालाही लागू आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमिनीवर राहतो किंवा ती कसतो, त्याला तिच्यावर हक्क सांगता येतो. मध, फळे, पाला असे रानातले जिन्नस परंपरेने गोळा करत असल्यास तोही हक्क आहे. शिकारीचा मात्र नाही.

हा दावा ग्रामसभेपुढे करावा लागतो. "आमच्याकडे कागदच नाही," असे पुष्कळ जण म्हणतात आणि गप्प बसतात. तसे करू नका. रेशनकार्ड, मतदाराचे ओळखपत्र हे पुरावे चालतात. जुनी विहीर, देवाचे ठिकाण, पूर्वजांना पुरल्याची जागा हेही पुरावे आहेत. गावातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलेली हकीकत लिहून घेतली तर तीही धरतात. मात्र ती दावा करणाऱ्याने स्वतःच सांगितलेली चालत नाही. एकाहून अधिक पुरावे जोडा. तुम्हाला आता वाचता येते. अर्जात काय लिहिले आहे ते स्वतः वाचा, मगच खाली सही करा.