वॉरंटीतल्या गाडीचं रिमॅप

कोथरूड, पुणे

चि. भाचेबुवांस,


तुझा मेसेज पोचला. दीड लिटर टीएसआयला ‘स्टेज वन’ रिमॅप करायचं आहे, ट्यूनर म्हणतो वॉरंटीला धक्का लागणार नाही, तर करू का, असं विचारतोस. फोनवर बोललो असतो तर मी ‘नाही’ म्हटल्याबरोबर तुला मीटिंग आठवली असती, म्हणून लिहून पाठवतोय. इंजिन कॅलिब्रेशनमध्ये अख्खी नोकरी काढलेल्या माणसाचं थोडं लांबलचक बोलणं सहन कर.

ताकदीबद्दल ट्यूनर खोटं बोलत नाही, हे आधीच कबूल करतो. टर्बो पेट्रोल इंजिनाच्या ईसीयूमधली, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली फाइल बदलून बूस्ट वाढवला, इग्निशन थोडं पुढे घेतलं, टॉर्कवरच्या मर्यादा वर सरकवल्या की वीस-पंचवीस टक्के ताकद वाढते. मग कंपनीनेच ती का दिली नाही? कारण कंपनीला एकच फाइल लेहच्या थंडीतही चालवायची असते आणि नागपूरच्या मे महिन्यातही, हलक्या पेट्रोलवर आणि ऑइल वेळेवर न बदलणाऱ्या मालकाच्या हाती. तुला जी ‘वाया गेलेली ताकद’ वाटते ती या सगळ्यांसाठी राखून ठेवलेली असते. ट्यूनर तुला एक्सपी १०० या जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालणारी खास फाइलही देईल. डिसेंबर २०२० मध्ये ते पेट्रोल ज्या पहिल्या दहा शहरांत आलं त्यांत पुणं होतं, म्हणून इथे अडणार नाही. दिवेआगरला गेलास की कुठल्या पंपावर शोधणार?

आता गिअरबॉक्सकडे ये, कारण खरी गोम तिथे आहे आणि तू मेसेजमध्ये त्याचं नावही काढलेलं नाहीस. तुझी गाडी फोक्सवॅगनच्या चाकण कारखान्यातली, १५० पीएस, २५० न्यूटन मीटर. तिच्यातला सात गिअरचा डीएसजी म्हणजे डीक्यू २००, कोरड्या क्लचचा. तो बनवणाऱ्यांनीच त्याची मर्यादा २५० न्यूटन मीटर ठरवली आहे. म्हणजे कंपनीने तुला गाडी दिली तेव्हाच तो काठोकाठ भरलेला होता. त्यात आणखी पाव हिस्सा टॉर्क ओतायचा, आणि रोज हिंजवडीच्या तिसऱ्या फेजपर्यंत रांगत जायचं! कोरड्या क्लचला गार करायला तेल नसतं. रांगत्या ट्रॅफिकमध्ये अर्धवट लागलेला क्लच आधीच तापतो, त्यावर हा बोजा. ताम्हिणी घाटात महिन्यातून एकदा मजा येईल, हे मान्य. क्लच पॅकचं बिल मात्र ट्यूनर भरणार नाही.

ताकद वाढवायची रीतसर पद्धत बघायची असेल तर लांब जायला नको. रांजणगावला फियाटच्या कारखान्यात १.३ मल्टिजेट डिझेल इंजिन बनायचं, तेच जे स्विफ्टपासून लिनीयापर्यंत अर्ध्या देशाच्या गाड्यांत होतं. ते ७५ पीएसचंही मिळायचं आणि ९० चंही. तू म्हणशील, फाइलचा फरक. तसं नव्हतं, ९० वाल्याला व्हेरिएबल जॉमेट्रीचा वेगळा टर्बो होता. त्याच कारखान्यातून २०१५ मध्ये अबार्थ पुंटो आली. लिनीयात ११४ पीएस देणारं १.४ टी-जेट पेट्रोल इंजिन तिच्यात १४५ देत होतं. पण कंपनीने नुसती फाइल बदलून गाडी विकली नाही. चारही चाकांना डिस्क ब्रेक दिले, सस्पेन्शन खाली घेतलं, आणि मग त्या सगळ्यावर स्वतःची वॉरंटी दिली. परदेशात व्होल्व्होने आपल्या चालू गाड्यांना डीलरकडूनच पोलस्टारचं सॉफ्टवेअर टाकून द्यायची सोय केली होती, वॉरंटी शाबूत ठेवून. वॉरंटी न जाता रिमॅप म्हणतात ते हे. फाइल लिहिणारा आणि इंजिनाची जबाबदारी घेणारा एकच असतो.

तुझा ट्यूनर मात्र ‘वॉरंटी जाणार नाही’ म्हणतो त्याचा अर्थ ‘त्यांना कळणार नाही’ एवढाच आहे. सर्व्हिसला जायच्या आधी ये, स्टॉक फाइल परत टाकून देतो, असं तो सांगतो ना? मूळ फाइल परत आली तरी ती टाकल्याची खूण राहू शकते. ईसीयू किती वेळा लिहिला गेला याची मोजणी बऱ्याच ईसीयूंत असते. आतल्या फाइलला ओळख क्रमांक आणि पडताळणीचा आकडा असतो. बदललेली फाइल आत असताना स्कॅनर लावला आणि आकडा जुळला नाही तर विषय संपला. फोक्सवॅगन गटात अशा गाडीच्या चेसिस नंबरवर ‘टीडी वन’ नावाचा शिक्का बसतो, आणि मग दुसऱ्या डीलरकडे नेलीस तरी तो तिथे दिसतो. ईसीयूला हात न लावता सेन्सरच्या वायरीत बसवायचा डबाही मिळतो. तो काढून ठेवता येतो, पण बिघाड नोंदवला गेला त्या क्षणाचे आकडे ईसीयू जपून ठेवतो, ते डब्याबरोबर निघून येत नाहीत. कधीकधी खरोखर पकडलं जात नाही, हेही सांगतो. तेव्हा तू सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरसमोर बसून ‘मी काहीच केलं नाही’ असं जॉब कार्डावर सही करून सांगणार. ते तुला जमणार नाही, तुझ्या आईचा मुलगा आहेस.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने मूळ नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. चांदणी चौकात हवालदार लॅपटॉप लावून तुझी फाइल वाचणार नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर गाडी तपासायला बसला, तर न कळवलेला बदल हे दावा अडवायला उत्तम कारण असतं.

फाइल बदलणं ही किती गंभीर गोष्ट आहे ते आपल्या वेताळ टेकडीवरूनच दिसलं होतं. २०१५ मध्ये फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचं प्रकरण जगभर फुटलं तेव्हा टेकडीवरच्या एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने इथे गाड्या रस्त्यावर चालवून तपासल्या, आणि धूर मर्यादेपेक्षा जास्त निघाला. त्या डिसेंबरात कंपनीने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावायचं जाहीर केलं, सॉफ्टवेअर बदलायला. ती नवी फाइल आधी एआरएआयला दाखवून मान्य करून घ्यावी लागली, मगच सर्व्हिस सेंटरमध्ये लॅपटॉप लागले. खुद्द ज्यांनी इंजिन बनवलं त्यांना ही पायरी चुकली नाही. तुझ्या ट्यूनरची फाइल बीएस-सहाच्या कसोटीवर कुणी चालवून पाहिली आहे, हे त्याला एकदा विचार, आणि तो काय उत्तर देतो ते मला कळव.

उलट बाजूही सांगून ठेवतो, कारण कंपन्याही काही साधू नसतात. तू काहीही केलं नसताना कुणी ‘रिमॅप दिसतोय’ म्हणून वॉरंटी नाकारली तर तोंडी उत्तरावर घरी येऊ नकोस. नकाराचं कारण लेखी माग, स्कॅनचा अहवाल माग, जॉब कार्डाची प्रत घे. एखादा शॉक अ‍ॅबसॉर्बर गेला आणि ते ईसीयूचं कारण पुढे करत असतील तर संबंध काय, हे त्यांना दाखवायला लाव. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस कायदा याच कामी येतो. आपल्याकडे त्याच्या जोडीचा कायदा नाही, पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ आहे. पुण्यातच जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. शिवाय सर्व्हिस सेंटर स्वतः ईसीयू अपडेट करील तेव्हा ते जॉब कार्डावर लिहून घे. उद्या मोजणी एकने वाढलेली दिसली तर ती कुणी वाढवली याचा कागद तुझ्याकडे हवा.

एवढं वाचूनही हात शिवशिवत असतील तर वॉरंटी संपू दे. तोवर टायर चांगले घाल, ब्रेक फ्लुइड वेळेवर बदल. वॉरंटीनंतर तू करशील ते क्लचच्या खर्चासकट तुझ्या खिशातून कर, विमा कंपनीला लेखी कळव आणि ट्यूनरकडून मूळ फाइलची प्रत घेऊन ठेव. कलम ५२ मात्र तेव्हाही लागू असेल. आजच्या घडीला माझं उत्तर नाही असंच आहे. त्याला दिलेला अ‍ॅडव्हान्स परत माग, आणि रविवारी वॉरंटीची पुस्तिका नि विम्याची पॉलिसी घेऊन इकडे ये. बारीक अक्षरातलं पान मला वाचून दाखव, माझा चष्मा बदलायला टाकलाय.

तुझा,
मामा