रात्रपाळी, भय आणि निद्रानाश : सत्त्वावजय चिकित्सेचा एक पाठ

शरीर आणि मन ही दोन्ही व्याधींची अधिष्ठाने होत, हा आयुर्वेदाचा मूलभूत सिद्धांत आहे. वातादी शारीर दोषांचा विचार आपण नित्य करतो. रज व तम या मानस दोषांचा विचार मात्र पुष्कळदा केसपेपरवरील एका शब्दापुरताच उरतो. रुग्णाने काय अनुभवले आणि त्या अनुभवावरून कोणती समजूत करून घेतली, हे विचारायचे राहून जाते. अशाच एका राहून गेलेल्या प्रश्नाची हकीकत येथे मांडत आहे.

परिसर

तारापूर येथे १९६९ साली अणुवीज केंद्र सुरू झाले. आज बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक, औषधी, कापड व पोलाद कारखान्यांपैकी अनेक अहोरात्र चालतात आणि तेथील कामगारांची पाळी ठरावीक दिवसांनी बदलते. याच पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू व तलासरी तालुक्यांत, नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडी परिसरातील अनेक कुटुंबांनी ऐन थंडीच्या रात्री घराबाहेर, तंबूत काढल्या. पाळी आणि भूकंप हे दोन्ही अनुभव एकाच रुग्णात एकत्र आलेले मला पाहावयास मिळाले.

रुग्णवृत्त

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रुग्ण पुरुष, वय ३४, रासायनिक कारखान्यात ऑपरेटर. स्वतः बोईसरला भाड्याच्या खोलीत. आईवडील, पत्नी व दोन मुले डहाणू तालुक्यातील गावी. निद्रानाश, अम्लोद्गार, शिरःशूल, छातीत धडधड व चिडचिड ही लक्षणे २०१९ च्या आरंभापासून. वातपित्तप्रकोप गृहीत धरून अश्वगंधा, जटामांसी व पादाभ्यंग अशी योजना केली आणि नेहमीचे छापील पथ्यपत्रक हाती दिले.

पाच आठवड्यांत अम्लोद्गार उणावले, झोप मात्र आली नाही. सहाव्या आठवड्यात त्याने सांगितले की, रात्रपाळीत रिअ‍ॅक्टरजवळ उभ्याउभ्याच डुलकी लागली; सहकाऱ्याने दंड धरून मागे ओढले म्हणून निभावले. त्या दिवशी मी प्रथमच विचारले, "पाळीहून आल्यावर तुम्ही झोपता की नाही?"

तो म्हणाला, "झोपलो आणि तिकडे घर पडलं तर? मी जागा असलो म्हणजे निदान फोन तरी करता येतो." मग खिशातून घडी केलेले पथ्यपत्रक काढून त्याने एका ओळीवर बोट ठेवले, "आणि दिवसा झोपू नये, असं तुम्हीच दिलंय की, डॉक्टर."

विवेचन

त्याचे भय निराधार नव्हते. धक्के प्रत्यक्ष बसत होते. मात्र आपल्या जागे राहण्याने घरचे सुरक्षित राहतात, हा त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. अहिताला हित समजण्याचा हा बुद्धिविपर्यय होय. चरकाचार्यांनी अपस्मारचिकित्सेच्या अखेरीस अतत्त्वाभिनिवेश या महागदाचे वर्णन करताना हिताहिताविषयी बुद्धी विषम होण्याचा निर्देश केला आहे. प्रस्तुत रुग्णास तो महागद होता असे म्हणणे नाही. परंतु अनुभव, भय व विपरीत निश्चय ही साखळी ध्यानी घेण्याजोगी आहे.

दुसरा दोष माझा. दिवास्वाप सामान्यतः वर्ज्य खरा, तथापि रात्रिजागरण केलेल्यास त्याला अपवाद आहे. जागरणाच्या निम्मा काळ, सकाळी, अन्न घेण्यापूर्वी झोपावे, असे वाग्भटांनी सांगितले आहे. हा अपवाद पत्रकात छापलेलाच नव्हता. रुग्णाच्या चुकीच्या समजुतीला शास्त्राचा आधार मिळाला, तो माझ्याच हातून.

चिकित्सा

पाळीतील धोका प्रथम दूर करणे आवश्यक होते. झोप सुधारेपर्यंत रात्रपाळी मिळू नये म्हणून विनंतीपत्र दिले. नंतर त्याच्या पत्नीस बोलावून घेतले. धक्क्यांच्या काळात घरच्यांनी कोठे झोपावे, वृद्धांना कोणी बाहेर आणावे, धक्का बसल्यास प्रथम फोन कोणी करावा, हे दोघांनी माझ्यासमोर ठरविले. आप्तांच्या साहाय्याने विज्ञान, धैर्य व स्मृती जागविणे हेच येथे सत्त्वावजयाचे स्वरूप होते. पुन्हा रात्रपाळी सुरू झाल्यावर घरी येताच, खोलीत अंधार करून, रिकाम्या पोटी झोप आणि पहाटेचा चहा बंद, एवढेच पथ्य सांगितले. औषधे तीच ठेवली.

सुमारे दोन महिन्यांत झोप बरीचशी स्थिरावली. धक्के पुढेही बसत राहिले. तशा दिवशी तो फोन करी, चौकशी करी आणि पुन्हा आडवा होई.

उपसंहार

निद्रानाशाच्या प्रत्येक रुग्णास तीन प्रश्न अवश्य विचारावेत : हे कशामुळे झाले असे तुम्हाला वाटते? झोपलात तर काय होईल असे वाटते? कोणी काय करू नका म्हणून सांगितले आहे? उत्तरांत आत्मघाताचा विचार, भ्रम वा भास आढळल्यास रुग्णास विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. २०२२ पासून शासनाची टेलिमानस सेवाही १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

माझ्या पथ्यपत्रकातील ती ओळ आता बदलली आहे. वैद्यबंधुभगिनींनी आपापली पत्रकेही एकदा रात्रपाळीच्या कामगाराच्या दृष्टीने वाचून पाहावीत, ही विनंती.