स्तनातील गाठ आणि दुसरे वैद्यकीय मत

स्तनात गाठ लागली की घरात दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. ‘दुखत नाही, म्हणजे काळजी नाही’ हा एक आणि ‘आता सारे संपले’ हा दुसरा. दोन्ही निराधार आहेत. स्तनातील बहुसंख्य गाठी साध्या असतात. परंतु कर्करोगाची गाठही प्रारंभी बहुधा दुखत नाही. त्यामुळे वेदनेवरून निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

निदान तीन साक्षींवर उभे असते : डॉक्टरांनी हाताने केलेली तपासणी, मॅमोग्राफी वा सोनोग्राफी, आणि सुईने घेतलेल्या नमुन्याची तपासणी. हाताच्या तपासणीस कमी लेखू नये. मुंबईत १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर झालेल्या टाटा मेमोरियलच्या अभ्यासात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी अशी तपासणी केली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले.

तिन्ही साक्षी जुळल्या तर निदान भक्कम मानावे. गाठ हाताला टणक लागते, पण सुईचा अहवाल साधा आला, अशी विसंगती दिसल्यास मात्र निश्चिंत राहू नये. दुसरे मत घेण्याचा हा पहिला प्रसंग होय.

दुसरा प्रसंग शस्त्रक्रियेपूर्वीचा. नमुना न तपासताच गाठ काढण्याचा, किंवा संपूर्ण स्तन काढण्याचा सल्ला मिळाल्यास अन्य पर्याय आहे का, हे अवश्य विचारावे. मिलान येथील डॉ. उंबेर्तो वेरोनेसी यांनी लहान गाठी असलेल्या ७०१ स्त्रियांचा २० वर्षे पाठपुरावा केला. स्तनाचा केवळ बाधित भाग काढून किरणोपचार घेतलेल्या आणि संपूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांचे आयुर्मान सारखेच राहिल्याचे २००२ साली स्पष्ट झाले. हा पर्याय प्रत्येकीस लागू पडत नाही. परंतु तो विचारण्याचा अधिकार प्रत्येकीस आहे.

दुसऱ्या मतासाठी जाताना पुढील गोष्टी सोबत असाव्यात :

१. मॅमोग्राफी व सोनोग्राफीच्या मूळ फिल्म. केवळ अहवाल पुरेसा नाही.
२. नमुन्याच्या काचपट्ट्या व मेणातील ठोकळे (ब्लॉक). दुसरा पॅथॉलॉजिस्ट तेच पुन्हा तपासू शकतो.
३. गाठ आधीच काढली असल्यास तिचा पॅथॉलॉजी अहवाल. काढलेली कोणतीही गाठ तपासणीविना टाकून देऊ नये.
४. मासिक पाळी, चालू औषधे आणि माहेरकडील व वडिलांकडील नातलगांतील कर्करोगाची माहिती.

भुसावळच्या भगिनींना जळगाव व धुळे जवळ आहेत. १९४१ साली परळ येथे सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालयही रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे. तथापि दुसरे मत म्हणजे मनासारखे उत्तर मिळेपर्यंत दारोदार फिरणे नव्हे. काही दिवसांचा विलंब सहसा घातक नसतो. महिनोन्महिने टाळाटाळ मात्र घातक ठरते. पुढची तारीख आणि परतण्याचा दिवस निघतानाच ठरवावा.

पहिल्या डॉक्टरांना काय वाटेल, हा संकोचही नको. ‘मला आणखी एक मत घ्यायचे आहे, कागदपत्रे द्यावीत,’ एवढे सांगणे पुरे. घरच्यांनीही ‘पिकांची कामे आटोपू द्या, लग्न होऊन जाऊ द्या’ असे म्हणू नये. गाठ कुणाच्या सवडीची वाट पाहत नाही.