आधी वाचन, मग उड्डाण

प्रस्तावना

शेताच्या पाहणीपासून विवाहसोहळ्याच्या चित्रीकरणापर्यंत अनेक कामांत आज कॅमेरा असलेला ड्रोन वापरला जातो. त्यावर कित्येकांची उपजीविका चालते. ड्रोनचा तोल, वेग व दिशा सांभाळणारी आज्ञावली त्याच्या स्मृतीत साठवलेली असते; तिला ‘फर्मवेअर’ म्हणतात. तिच्यातील दोष दूर करून निर्माते वेळोवेळी सुधारित आवृत्ती देतात. ती ड्रोनमध्ये कशी घालावी, हे सांगणारे सूचनापत्र समजून वाचणे हेही भाषेचेच कौशल्य होय.

मूळ पाठ

डीजेआय कंपनीचा ‘फँटम ३ प्रोफेशनल’ हा ड्रोन २०१५ साली बाजारात आला. त्याची नवी आवृत्ती मेमरी कार्डाद्वारे घालता येते. त्याचा क्रम असा :

१. बॅटरी निम्म्याहून अधिक भारित आहे, याची खात्री करावी. ड्रोन बंद ठेवून पंखे काढावेत.

२. निर्मात्याच्या संकेतस्थळावरून आपल्याच प्रतिकृतीची फाईल संगणकावर उतरवावी. ती कार्डावर ठेवताना कोणत्याही फोल्डरमध्ये घालू नये.

३. कार्ड कॅमेऱ्याच्या खाचेत बसवावे. रिमोट बंद ठेवून ड्रोन सुरू करावा.

४. काम आपोआप सुरू होते व सुमारे २५ मिनिटे चालते. तोवर ड्रोन बंद करू नये.

काम चालू असताना बारीक ‘टिक-टिक’ ध्वनी येत राहतो. तो बदलला की काम संपले असे समजावे. मात्र ते यशस्वी झाले असे लगेच मानू नये. ड्रोन स्वतःच कार्डावर एक मजकूर-फाईल लिहून ठेवतो. तीत यश किंवा अपयश नोंदलेले असते. ती वाचूनच पुढे जावे.

चौथी सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. नवी आज्ञावली लिहिण्यापूर्वी स्मृतीतील जुनी पुसली जाते. मध्येच वीज तुटली, तर जुनी गेलेली आणि नवी अपुरी, अशी स्थिती होऊन यंत्र निकामी होऊ शकते. उतावीळपणे वाचलेली एक ओळ अशी महागात पडते.

शब्दार्थ

आज्ञावली – यंत्राला दिलेल्या आज्ञांची मालिका
प्रतिकृती – येथे, यंत्राचा विशिष्ट प्रकार (मॉडेल)
भारित – विजेने भरलेली

पाठगत प्रश्न

१. काम यशस्वी झाले, हे कशावरून ठरवावे?

२. ड्रोन मध्येच बंद करू नये, असे का म्हटले आहे?

३. ‘करावी’, ‘काढावेत’, ‘बसवावे’ या क्रियापदरूपांतून कोणता अर्थ व्यक्त होतो?