यंत्रातून उमटलेले राग

१९८२ साली मुंबईतील चरणजित सिंग या वादकाची एक ध्वनिमुद्रिका बाजारात आली. तिचे नाव होते ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’, म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर वाजवलेले दहा राग. ललित, भूपाली, तोडी, यमन, मेघमल्हार, मालकंस अशी रागांची नावे त्या वेष्टनावर होती. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ती परिचयाची वाटावीत अशीच होती. पण तबकडी फिरू लागली की कानी पडे ते काही वेगळेच. तबल्याची साथ नाही, सतार नाही, सारंगी नाही, गायकाचा आवाज नाही. सारा मेळ तीन विद्युत्-यंत्रांचा आणि ती चालवणारा माणूस एकटा.

या तबकडीकडे त्या काळी कोणी फारसे लक्ष दिले नाही. शास्त्रीय संगीताच्या रसिकाला ती चेष्टा वाटली असावी आणि नाचणाऱ्या तरुणाला ती कोरडी वाटली असावी. थोड्याच दिवसांत ती विस्मृतीत गेली. तिचा पुढील इतिहास समजून घ्यायचा तर आधी ती घडली कशी, हे पाहावे लागते.

चरणजित सिंग यांचा जन्म १९४० चा. त्यांचे व्यावसायिक आयुष्य मुंबईच्या हिंदी चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत गेले. विजेवर चालणारी गिटार आणि नव्या धाटणीची कळफलक-वाद्ये हे त्यांचे क्षेत्र. त्या काळच्या चित्रपटगीतामागे कित्येकदा पन्नास-साठ वादकांचा ताफा असे. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार आणि गायक यांची नावे छापली जात. वादकांची नावे बहुधा कोठेच येत नसत. ज्या सुरावटी देशभर गुणगुणल्या गेल्या त्या वाजवणारे हात असे अनामिकच राहिले. सिंग यांनी चित्रपटगीतांच्या चाली वाद्यांवर वाजवून त्यांच्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकाही काढल्या होत्या. तरीही त्यांची ओळख दुसऱ्याच्या चाली वाजवणारा कुशल वादक एवढीच होती. दहा रागांची ही तबकडी म्हणजे एका अनामिक वादकाने स्वतःच्या मनातील कल्पना स्वतःच्या नावाने मांडण्याचा प्रयत्न होता. हे लक्षात घेतले तर तिच्या अपयशाचे वजन कळते.

ही कल्पना सुचण्यास काळही अनुकूल होता. १९८० साली ‘कुर्बानी’ चित्रपटातील नाझिया हसन यांचे गीत गाजले आणि डिस्कोचा ठेका हिंदी चित्रपटांत घुमू लागला. १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ पडद्यावर आला. प्रत्येक संगीतकाराला तोच ठेका हवा होता. रोज तेच वाजवणाऱ्या सिंग यांनी विचार केला की, हाच ठेका घेऊन काही निराळे का करू नये? तबला बाजूला ठेवावा, त्या जागी डिस्कोचा ठेका आणावा आणि वर वाजवावेत ते आपले राग. घरी बसून त्यांनी हा मेळ जमवून पाहिला आणि तो त्यांना पटला.

त्यांच्याजवळ असलेली तिन्ही यंत्रे जपानच्या रोलँड या कंपनीची होती. त्यांतील ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर. सतारीत तार कंप पावते, बासरीत हवा कंप पावते. सिंथेसायझरमध्ये मूळ कंपने विद्युत्-मंडलात निर्माण होतात आणि वादक खुंट्या व पट्ट्या सरकवून त्यांचा पोत बदलतो. या वाद्यातून एका वेळी आठ स्वर निघत. दुसरे यंत्र टीआर-८०८. हे ठेका देणारे यंत्र. ढोल, झांज, टाळी यांसारखे आवाज ते स्वतःच निर्माण करते आणि एकदा आखून दिलेला ठेका न थकता वाजवीत राहते. तिसरे यंत्र टीबी-३०३. आकाराने लहान आणि दिसायला साधे असलेले हे यंत्र गिटारवादकाला घरी सराव करताना खर्जातील साथ मिळावी म्हणून तयार केले होते. त्याचा आवाज खऱ्या खर्ज-गिटारसारखा मुळीच वाटत नसे. ग्राहकांनी त्याकडे पाठ फिरवली आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. बाजाराने टाकाऊ ठरवलेल्या या यंत्राने पुढे संगीताचा एक प्रवाह बदलला, ही गोष्ट मोठी गमतीची आहे.

कळफलकाच्या वाद्यावर राग वाजवावा की नाही, हा वाद आपल्याकडे जुना आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून पेटी आली तेव्हा जाणकारांनी आक्षेप घेतला की, तिचे स्वर आधीच ठरवून ठेवलेले आहेत. एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर अखंड घसरत जाणे, म्हणजे मींड, तिच्यावर शक्य नाही. श्रुतींचे सूक्ष्म भेद तर दूरच. हा आक्षेप इतका गंभीरपणे घेतला गेला की, १९४० साली नभोवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. महाराष्ट्राने मात्र नभोवाणीच्या निर्णयाची वाट पाहिली नव्हती. पेटी कीर्तनात आणि भजनात रुळली होती. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने तिला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा दिली होती. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांच्या गायनाला कादरबक्ष यांची सारंगी, अहमदजान थिरकवा यांचा तबला आणि हरिभाऊ देशपांडे यांचा ऑर्गन अशी साथ होती. ऑर्गनला परके म्हणून रसिकांनी तेथून उठवले नाही. आज नाट्यपद ऑर्गनच्या सुरांशिवाय मनात येतच नाही, इतका तो आपला झाला.

चरणजित सिंग यांच्या यंत्रांनी या जुन्या वादात एक नवा मुद्दा आणला. पेटीला जे जमत नव्हते ते या यंत्रांना जमत होते. टीबी-३०३ मध्ये लागोपाठचे दोन स्वर असे जोडता येतात की पहिला न तुटता दुसऱ्यात सरकतो. सिंथेसायझरवरही स्वर असाच घसरवता येतो. उत्तम सारंगियाच्या मींडेची बरोबरी त्याने होणार नाही, कारण यंत्रातील घसरण दर वेळी ठरलेल्या वेगाने होते आणि कलावंताची मींड प्रत्येक वेळी नवी असते. पण ज्या मुख्य उणिवेसाठी कळफलक-वाद्यांना नाके मुरडली गेली ती उणीव येथे बरीचशी दूर झाली होती. टीबी-३०३ वर एक खुंटी अशी आहे की ती फिरवली असता तोच स्वर क्षणात दबलेला, तर क्षणात तीक्ष्ण ऐकू येतो. सिंग यांच्या वादनात रागाचे स्वर असे उजळत आणि मावळत राहतात.

त्यांनी रागांची शिस्त पाळली हेही नमूद केले पाहिजे. भूपालीत मध्यम आणि निषाद वर्ज्य, मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. हे नियम यंत्राच्या मोहात त्यांनी सोडले नाहीत. आरंभी अल्पसा आलाप, मग ठेक्याचा प्रवेश आणि त्यावर स्वरांची द्रुत गुंफण, अशी साधारण मांडणी आहे. पाच स्वरांचे राग या मांडणीत विशेष खुलतात. स्वर मोजके असल्यामुळे खर्जातील आवर्तन स्पष्ट राहते आणि त्यावरील सुरावट त्याच्याशी झगडत नाही.

हरवले ते तालात हरवले. टीआर-८०८ आणि टीबी-३०३ या यंत्रांची रचना सोळा घरांची आहे. आपला त्रितालही सोळा मात्रांचा. हा योगायोग मनाला सुखावणारा असला तरी साम्य तेवढेच. त्रितालात सम आहे, टाळी आहे आणि काल आहे. कालाच्या विभागात डग्ग्याचा घुमारा मावळतो, आवर्तन जणू क्षणभर श्वास रोखते आणि पुन्हा समेकडे झेपावते. समेवर येणे हा आपल्याकडे गायक, वादक आणि श्रोता या तिघांचा आनंद आहे. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोक्याचे वजन सारखे असते. तेथे काल नाही म्हणून समेची ओढही नाही. राग राहिला, पण तो ज्या वाटेने समेवर येतो ती वाट सपाट झाली. शिवाय प्रत्येक रागाला जेमतेम पाच मिनिटे मिळालेली. शास्त्रीय संगीताचा आग्रही श्रोता नाराज झाला असेल तर त्याला सर्वस्वी दोष देता येणार नाही. मात्र सिंग यांनी ही शास्त्रीय संगीताची मैफल आहे असा दावा कधी केला नव्हता. ठेका डिस्कोचा आहे, हे त्यांनी नावातच सांगून टाकले होते.

याच सुमारास दूर अमेरिकेत टीबी-३०३ या यंत्राचे भाग्य पालटत होते. कोणाला नको असलेली ही यंत्रे जुन्या वस्तूंच्या दुकानांत स्वस्तात मिळू लागली. शिकागो शहरातील काही कृष्णवर्णीय तरुणांच्या हाती असे एक यंत्र लागले आणि त्याच्या खुंट्या मनमुराद फिरवता फिरवता त्यांना एक चमत्कारिक, वळवळता नाद सापडला. फ्यूचर या त्यांच्या गटाची ‘ॲसिड ट्रॅक्स’ ही ध्वनिमुद्रिका १९८७ साली प्रसिद्ध झाली. तिच्यापासून ‘ॲसिड हाउस’ ही नृत्यसंगीताची शैली युरोपभर पसरली. यंत्राच्या नादावर तासन्‌तास नाचणारी एक पिढी तयार झाली.

त्यानंतरच्या काळात देशोदेशीचे कलावंत आपापल्या परंपरेची अशा यंत्रांशी सांगड घालू लागले. ब्राझीलचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्या देशात १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘बोसा नोव्हा’ ही मृदू, संयत गानशैली जन्मली. झ्वाव झिल्बेर्तो हे तिचे एक आद्य प्रवर्तक. त्यांची कन्या बेबेल झिल्बेर्तो स्वतः गीते रचून गाते. तिने ‘तांतू तेंपू’ या २००० सालच्या संग्रहात बोसा नोव्हा आणि इलेक्ट्रॉनिक संगीत यांचा मेळ घातला. या कामात तिचा सहकारी होता सर्बियात जन्मलेला आणि ब्राझीलमध्ये स्थायिक झालेला संगीतनिर्माता सुबा. नोव्हेंबर १९९९ मध्ये साव पावलू येथील त्याच्या स्टुडिओला आग लागली आणि ध्वनिमुद्रित केलेले काम वाचवण्याच्या प्रयत्नात त्याचा मृत्यू झाला. संग्रह पुढे प्रसिद्ध झाला आणि जगभर ऐकला गेला. वडिलांची शैली बिघडवली अशी तक्रार त्यापुढे टिकली नाही. ऐकणाऱ्यांचे कान तोवर या नादाला सरावले होते. सिंग यांच्या वाट्याला १९८२ साली असे कान आले नाहीत. दोघांच्या नशिबातील अंतर अठरा वर्षांचे आहे. ते गुणवत्तेचे आहे असे म्हणवत नाही.

२००२ साली एडो बाउमन हा डच संग्राहक जुन्या भारतीय ध्वनिमुद्रिकांच्या शोधात दिल्लीला आला होता. तेथील एका दुकानात त्याला ही तबकडी मिळाली. हॉटेलात परतून त्याने ती आपल्या छोट्या तबकडीवादकावर लावली आणि तो थक्क झाला. ज्या नादाचा जन्म शिकागोत झाला असे सारे जग मानत होते तो नाद त्याआधी पाच वर्षे मुंबईत प्रसिद्ध झालेल्या तबकडीवर होता, आणि तोही भारतीय रागांत. वादकाचा शोध घेत तो मुंबईस पोहोचला. त्याच्या ‘बॉम्बे कनेक्शन’ या संस्थेने २०१० साली ही ध्वनिमुद्रिका पुन्हा प्रसिद्ध केली.

या वेळी ती गाजली. इतकी की, काहींचा तिच्यावर विश्वासच बसेना. कोणी आधुनिक युरोपीय संगीतकाराने नवे संगीत रचून, त्याला जुन्या भारतीय तबकडीचा मुखवटा चढवून लोकांना फसवले आहे, अशी कुजबूज झाली. मुंबईतील एखादा वादक हे सर्व तेव्हाच करून बसला असेल, हे मान्य करण्यापेक्षा ही कथा अनेकांना अधिक सोपी वाटली. पण १९८२ ची मूळ तबकडी होती आणि ती वाजवणारा माणूसही हयात होता.

‘ॲसिड हाउसचा जनक’ असे बिरुद मग त्यांना वर्तमानपत्रांतून मिळाले. ते जसेच्या तसे स्वीकारणे मात्र योग्य नाही. शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती, असे मानण्यास कोणताही आधार नाही. आणि सिंग यांनाही ॲसिड हाउस म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. जनक म्हणावे तर त्यांची परंपरा चालायला हवी होती. तबकडीच कोणी ऐकली नाही तिथे परंपरा कोठून यावी? एकच यंत्र दोन खंडांतील दोन निरनिराळ्या गरजांसाठी वापरले गेले आणि नाद जवळजवळ सारखा निघाला, एवढेच खात्रीने सांगता येते. शिकागोत त्या नादातून नाचाची बेहोशी हवी होती. मुंबईत एका वादकाला त्यातून मालकंस हवा होता. सिंग यांचे मोल सांगण्यासाठी त्यांना परक्या शैलीचे जनकत्व बहाल करण्याची गरज नाही.

सत्तरी ओलांडल्यानंतर त्यांना युरोपातून निमंत्रणे येऊ लागली. अवघे आयुष्य चित्रपटाच्या पडद्यामागे वाजवण्यात गेलेला हा वृद्ध कलावंत तेथील मंचांवर आपली यंत्रे मांडून बसे आणि तबकडी निघाली तेव्हा जन्मालाही न आलेली मुले त्याच्या रागांवर नाचत. जुलै २०१५ मध्ये मुंबईत चरणजित सिंग यांचे निधन झाले.