ग्रंथ आणि सिंहासन : चिनी साम्राज्यातील तत्त्वविचार व राजघराणी

इ. स. पू. २२१ मध्ये छिन राज्याच्या राजाने उरलेल्या राज्यांचा पाडाव पुरा करून 'प्रथम सम्राट' ही पदवी धारण केली. तेथपासून १९१२ मध्ये मांचू घराण्याच्या अखेरच्या बाल-सम्राटाने सिंहासन सोडीपर्यंत चीनमध्ये सम्राटपदाची संस्था दोन हजार एकशेहून अधिक वर्षे टिकून राहिली. या प्रदीर्घ काळाचा अभ्यास करताना प्रत्येक घराण्याशी एकेका तत्त्वज्ञानाची जोडी लावण्याचा प्रघात आहे : छिन विधिवादी, हान कन्फ्यूशसपंथी, थांग बौद्ध, सुंग नवकन्फ्यूशसवादी. पाठांतराला ही मांडणी सोयीची खरी. पण तीत मूळ प्रश्न हरवतो. सत्ताधाऱ्याला तत्त्वविचार कशासाठी हवा होता, आणि एकदा स्वीकारलेला विचार त्याच सत्ताधाऱ्याला कोठे अडचणीचा ठरला, हा तो प्रश्न होय.

छिन राज्याची घडी प्रथम सम्राटाच्या कितीतरी आधी बसलेली होती. इ. स. पू. चौथ्या शतकात शांग यांग या मंत्र्याने तेथे कुटुंबांचे पाच-पाच व दहा-दहांचे गट पाडून त्यांना परस्परांच्या अपराधांबद्दल जबाबदार धरले, आणि जन्माऐवजी रणांगणावरील पराक्रमावरून दर्जा ठरविण्याची पद्धत घातली. या विचारसरणीला पुढे हान फेइने तात्त्विक रूप दिले. राजाने माणसांच्या सद्‌गुणांवर विसंबू नये; नियम, अधिकार आणि कार्यपद्धती यांवर विसंबावे, कारण सज्जन राजे विरळा आणि सामान्य राजेच बहुसंख्य असतात, हा त्याचा गाभा. आपल्याकडील वाचकाला येथे कौटिल्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र 'अर्थशास्त्रा'तील राजा धर्माच्या चौकटीत वावरतो, आणि हान फेइच्या राजाभोवती अशी चौकट नाही, हा भेद नजरेआड करून चालणार नाही.

इ. स. पू. २१३ मध्ये प्रधानमंत्री ली स्स याच्या सल्ल्यावरून ग्रंथदहनाची आज्ञा निघाली. तिचा तपशील पाहण्याजोगा आहे. वैद्यक, शकुनविद्या व शेती यांवरील ग्रंथांना तीतून सूट होती. छिनचा स्वतःचा इतिहास राखला गेला. शिवाय दरबारी पंडितांजवळच्या प्रतीही राहू दिल्या होत्या. खाजगी घरांतील काव्यग्रंथ, इतिहासग्रंथ आणि निरनिराळ्या पंथांचे लेखन मात्र जाळावयाचे होते. म्हणजे ज्ञान नाहीसे करणे हा हेतू नव्हता. भूतकाळाचा दाखला देऊन वर्तमान सत्तेवर टीका करण्याचा अधिकार प्रजेच्या हातून काढून घेणे, हा हेतू होता. ली स्सने ग्रंथांचे सामर्थ्य नेमके ओळखले होते, असेच म्हणावे लागते.

पंधरा वर्षांत हे साम्राज्य कोसळले. कारण म्हणून परंपरा एक प्रसंग सांगते. इ. स. पू. २०९ मध्ये सीमेवरील चाकरीसाठी निघालेली नऊशे माणसे पावसाने वाटेत अडकली. उशिराला मृत्युदंड असल्यामुळे त्यांनी छन शंगच्या नेतृत्वाखाली बंड पुकारले. हा वृत्तान्त इतिहासकार सिमा छ्येन याचा, आणि तो हान घराण्याच्या काळात लिहिलेला. छिनच्या क्रौर्यावरच ज्या घराण्याच्या राज्याधिकाराचे समर्थन उभे होते, त्या घराण्याच्या छायेतील ही साक्ष आहे.

१९७५ मध्ये हूपै प्रांतात श्वेहूती येथे एका थडग्यात सुमारे ११५० बांबूच्या पट्ट्या सापडल्या. इ. स. पू. २१७ मध्ये वारलेल्या, शी नावाच्या एका स्थानिक अधिकाऱ्याच्या देहाशेजारी छिनचे कायदे ठेवलेले होते. त्यांत वेठीला उशीर झाल्याबद्दलची शिक्षा दिली आहे : तीन ते पाच दिवसांना समज, सहा ते दहा दिवसांना एका ढालीच्या किमतीचा दंड, त्याहून अधिक दिवसांना एका चिलखताचा, आणि पावसामुळे काम होणे अशक्य झाले, तर ती वेठच माफ. लष्करी चाकरीचा नियम याहून कडक असू शकेल. तरीही सरसकट शिरच्छेदाचे जे चित्र दोन हजार वर्षे रंगविले गेले, ते यापुढे जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. कोठारातील उंदरांच्या बिळांचाही हिशेब येथे आहे! तीन किंवा अधिक बिळे आढळल्यास दंड, दोन असल्यास समज; आणि लहान उंदरांची तीन बिळे मोठ्या उंदराच्या एका बिळाबरोबर धरावयाची. ही राजवट क्रूर होती की नाही, यापेक्षा ती विलक्षण बारकाईने मोजमाप करणारी होती, हेच या पट्ट्यांवरून प्रकर्षाने जाणवते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की त्याच थडग्यात अधिकाऱ्याने कसे वागावे याविषयीचा एक मजकूर मिळाला, आणि त्यातील निष्ठा, करुणा, विनय यांचा उपदेश कन्फ्यूशसच्या अनुयायांना परका वाटला नसता. दरबारात पंथांचे वाद कितीही तीव्र असोत, जिल्ह्याच्या कचेरीत एकाच माणसाच्या दप्तरात दोन्ही विचार सुखाने नांदत होते.

हान घराण्याने छिनची निंदा केली आणि छिनचा सांगाडा ठेवून घेतला. इ. स. पू. १८६ च्या सुमाराचे हान कायदे च्यांगच्याशान येथील उत्खननात १९८३-८४ मध्ये हाती आले. ते छिनच्या कायद्यांचेच वारस असल्याचे दिसते. आरंभीच्या हान दरबारात ताओवादाकडे झुकणारा, राजाने शक्यतो हस्तक्षेप करू नये असे सांगणारा विचार प्रबळ होता. सम्राट वू याच्या कारकीर्दीत (इ. स. पू. १४१-८७) वारे फिरले. इ. स. पू. १३६ मध्ये पाच अभिजात ग्रंथांसाठी राजपंडित नेमण्यात आले व १२४ मध्ये पन्नास विद्यार्थ्यांचे राजकीय विद्यापीठ निघाले. ज्या ग्रंथांना छिनने खाजगी घरांतून हद्दपार केले, त्यांचे अध्ययन आता अधिकारपदाचा मार्ग ठरले. पण याच सम्राटाने हूण टोळ्यांवरील स्वाऱ्यांचा खर्च भागविण्यासाठी मीठ व लोखंड यांची मक्तेदारी सरकारकडे घेतली, आणि हे धोरण कन्फ्यूशसच्या शिकवणीत बसणारे नव्हते.

हा विरोध इ. स. पू. ८१ मध्ये उघड्यावर आला. नव्या सम्राटाच्या दरबारात साठांहून अधिक विद्वानांना पाचारण करून लोकांची गाऱ्हाणी विचारण्यात आली. मक्तेदारीचा आधारस्तंभ सांग हुंग-यांग विरुद्ध बाजूस होता. विद्वानांचे म्हणणे असे, की राज्याने नफ्यासाठी प्रजेशी स्पर्धा करू नये. सरकारी लोखंडाची अवजारे ओबडधोबड असतात आणि शेतकऱ्याच्या कामाची नसतात. सांगचा प्रतिप्रश्न व्यावहारिक होता : मग सीमेवरील सैनिकांना खाऊ काय घालावयाचे? या प्रश्नाला विद्वानांजवळ समाधानकारक उत्तर होते असे वाटत नाही. सद्‌गुणी राजाकडे रानटी लोक आपोआप आकृष्ट होतील, ही त्यांची श्रद्धा होती. अखेरीस मद्याची मक्तेदारी व राजधानीच्या परिसरातील लोखंडाची ठाणी बंद झाली. मीठ-लोखंडाचा मुख्य व्यवहार तसाच राहिला. पुढच्याच वर्षी सांगला कटाच्या आरोपावरून देहान्त शासन झाले. त्यानंतर काही दशकांनी सम्राट श्वान याने, दंडावर फार भर देऊ नये असे सुचविणाऱ्या युवराजाला फटकारून सांगितले, की हान घराण्याचा कारभार प्रथमपासून दोन मार्गांच्या मिश्रणावर चालत आला आहे. इतकी स्पष्ट कबुली सिंहासनावरून क्वचितच दिली गेली असेल.

थांग काळात (६१८-९०७) बौद्ध धर्माला मोठा राजाश्रय लाभला. महाराष्ट्रात येऊन पुलकेशीच्या राज्याचे वर्णन करणारा ह्युएन-त्संग ६४५ मध्ये मायदेशी परतला, तो सम्राटाच्या स्वागताला पात्र ठरून. कन्फ्यूशसच्या परंपरेत स्त्रीच्या सम्राटपदाला जागा नव्हती, म्हणून ६९० मध्ये वू चोने 'महामेघसूत्रा'चा आधार घेतला. पण ८४५ मध्ये त्याच घराण्याच्या सम्राटाने ४६०० विहार मोडले व २,६०,५०० भिक्षु-भिक्षुणींना प्रपंचात परत धाडले, असे शाही फर्मान सांगते. त्यामागे कोषाची चिंता किती आणि सिद्धान्त किती, हे सांगावयास नकोच.

यानंतर सुंग काळातील चू शी (११३०-१२००) याच्या भाष्यांनी कन्फ्यूशसच्या विचाराला नवी बैठक दिली. त्याच्या हयातीच्या अखेरीस 'असत्य विद्या' म्हणून निषिद्ध ठरलेली ही शिकवण परकीय मंगोलांनी १३१३ च्या आज्ञेने राज्यपरीक्षांचे प्रमाण मानली. ती पुढे १९०५ मध्ये परीक्षाच बंद होईपर्यंत प्रमाण राहिली. चार ग्रंथांच्या या अभ्यासक्रमात मेंशियसचा ग्रंथ होता, आणि त्यात एक निखारा दडलेला होता. स्वर्गाचा आदेश ज्याला मिळतो तो राजा, हा चौ घराण्यापासूनचा सिद्धान्त. मेंशियसने त्याला असा अर्थ दिला, की प्रजेचे मन हेच स्वर्गाच्या इच्छेचे गमक, प्रजेचे स्थान राजाच्या वर, आणि जुलमी राजाचा वध हा राजवध नव्हेच.

१३६८ मध्ये मिंग घराणे स्थापणारा चू युआन-च्यांग हा अनाथ शेतकरीपुत्र. मंगोलांवरील स्वर्गाची कृपा संपली, याच आधारावर त्याने सिंहासन मिळविले होते. परंतु मंत्र्यांना तुच्छ लेखणाऱ्या राजाकडे मंत्र्यांनी शत्रू म्हणून पाहावे, असे सांगणारा मेंशियस त्याला सहन होईना. १३९४ मध्ये त्याने या ग्रंथाची छाटलेली आवृत्ती करविली. तीतून ८५ परिच्छेद, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश ग्रंथ, वगळण्यात आला. वगळलेल्या भागावर परीक्षेत प्रश्न घालू नयेत असेही ठरले. ली स्सने ग्रंथ जाळले होते. येथे ग्रंथ ठेवून त्याची जीभ कापण्यात आली. दोघांची भीती मात्र एकच होती.

हा प्रयोग टिकला नाही. चू युआन-च्यांगचा मुलगा युंग-ल याने पुतण्याला पदच्युत करून १४०२ मध्ये गादी बळकावली. राज्यारोहणाचा जाहीरनामा लिहिण्यास फांग श्याव-रू या पंडिताने नकार दिला, तेव्हा त्याचा व त्याच्या आप्तांचा संहार झाला. लेखणी हाती असलेल्या एका माणसाची संमती या विजयी सेनानीला इतकी आवश्यक का वाटावी, याचा विचार केला म्हणजे ग्रंथांची सत्ता कोठवर पोहोचली होती ते कळते. आणि याच युंग-लच्या अमदानीत मेंशियसचा ग्रंथ पूर्ववत संपूर्ण अभ्यासला जाऊ लागला.

मांचूंनीही तो तसाच पढविला. १२ फेब्रुवारी १९१२ रोजी विधवा सम्राज्ञीने सहा वर्षांच्या सम्राटाच्या वतीने सिंहासनत्यागाची जी आज्ञा काढली, तीत प्रजासत्ताकाच्या स्वीकारासाठी कोणत्याही पाश्चात्त्य तत्त्वज्ञाचा आधार घेतलेला नाही. लोकांची मने कोणीकडे वळली आहेत, त्यावरून स्वर्गाचा आदेश ओळखता येतो, असे कारण तीत दिले आहे.